कानातला हंडा

"माझा घाव मला सोसतो, दुसऱ्याचा सोसत नाही," असं रंगनाथ एकदा बायकोला म्हणाला होता.

रंगनाथ तांबट. नाशिकच्या भांडी बाजारामागे एका बोळात त्याचा आणि धाकट्या भावाचा, दीपकचा, कारखाना आहे. पुढे दुकान, मागे पत्र्याखाली ऐरणी. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तिथे बसतो आहे. तांब्याच्या पत्र्यावर शेजारी शेजारी घाव घालत जायचं, पत्रा फुगतो, वळतो, हंडा होतो. मग वरचा भाग आणि बूड वितळलेल्या धातूने झाळून एकत्र सांधायचे.

या बोळात बहिरेपणाची कुणाला लाज वाटत नाही. म्हाताऱ्याला हाक ऐकू गेली नाही की लोक कौतुकाने म्हणतात, याने खरं काम केलंय. रंगनाथच्या वाट्याला मात्र उलटंच आलं. एका संध्याकाळी सगळ्यांच्या हातोड्या थांबल्या आणि त्याच्या कानातली थांबली नाही. बारीक, उंच आवाज. भांड्याच्या काठावर नख मारावं आणि तो नाद विझूच नये, तसा. जेवताना होता, झोपताना होता, सकाळी डोळे उघडायच्या आधी तोच जागा होता. आणि बाहेरचे आवाज एकदम मोठे झाले. ताटलीत चमचा पडला तरी दाढेपर्यंत कळ जाई. शेजारच्या ऐरणीवर घाव पडला की मान आपोआप खांद्यात शिरे. स्वतःचा घाव तेवढा चाले, कारण तो कधी पडणार हे हाताला आधी माहीत असे.

त्याने कानात कापूस घातला. आधी कामावर, मग घरी, मग झोपेतसुद्धा. डॉक्टरांनी कान तपासले आणि सरळ सांगितलं, "आतली नस दुखावली आहे. हा आवाज जाईल असं मी म्हणणार नाही. ठोकताना चांगले बोळे घाला, पण घरी काढून ठेवा. आवाजापासून जितकं पळाल तितका तो मागे लागेल."

घरी येऊन त्याने कापूस कचऱ्यात टाकला. त्याच्या बायकोनेही, उज्वलाने, आपली रीत काढली. स्वयंपाकघरातून ओरडायची, "शिट्टी होतेय हं!" आणि मग कुकर वाजायचा. सांगून आलेला आवाज निम्मा लागतो, हे दोघांना तेव्हा कळलं.

"उद्या शिंक आली तरी आधी सांग," तो म्हणाला.

"आणि तुमच्या घोरण्याचं मला कोण सांगणार?"

असं चाललं होतं. तेवढ्यात सटाण्याहून कुसाबाई आल्या. डोक्यावर हंडा, मागे रिक्षावाला. हंडा त्यांनी दुकानाच्या फरशीवर ठेवला नाही, आपटला. आत रंगनाथने भिंत धरली.

"भाऊ, तुमना हंडा रडी ऱ्हायना!"

रडत, म्हणजे गळत होता तो लेकीच्या लग्नात दिलेला हंडा. सासरी नव्या सुनेने पहिलं पाणी भरून आणायचं होतं. उंबऱ्यापर्यंत येईतो सांध्यातून पाणी पाझरून तिची पैठणी खांद्यापासून भिजली. आता तिची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माहेरच्यांनी गळका हंडा दिला, माणसंही तशीच असतील.

चूक कशी झाली ते रंगनाथला तिथेच उमगलं. तांबट नव्या हंड्यात पाणी भरून बघत नाही. पहिलं पाणी घेणाऱ्याच्या घरचं, हळदकुंकू लावून घातलेलं. कारखान्यात पाणी पडलं तर तो हंडा वापरलेला झाला. म्हणून सांधा कानाने तपासायचा. बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि नाद किती टिकतो ते ऐकायचं. सांध्यात केसाएवढी फट असली तरी नाद लगेच मरतो. त्या हंड्याला त्याने टिचकी मारली होती. नाद टिकला होता, छान लांबला होता. फक्त तो हंड्यातला नव्हता.

"मी नवा करून देतो," तो कुसाबाईंना म्हणाला.

त्या गेल्यावर दीपक म्हणाला, "दादा, आता पुरे. तू गल्ल्यावर बस. पंखा आहे, पेपर आहे, चहा येतो."

"पेन्शनीत काढतोस का मला?"

"बोळात काय बोलतात माहितेय? रंगनाथच्या कानात हंडा वाजतो नि गिऱ्हाइकाच्या घरात गळतो."

"बोलू देत. हा एक हंडा मी करणार. सावळीरामकाकांनी नापास केला तर ऐरण तुझी."

सावळीरामकाका बोळातले सगळ्यांत वडील तांबट. महत्त्वाचं भांडं त्यांच्या टिचकीशिवाय बाहेर जात नसे. माणसाचं त्यांना काहीएक ऐकू येत नाही, भांड्याचं मात्र येतं, असं सगळे मानत.

रंगनाथ कामाला लागला. दुपारी बाकीचे जेवायला गेले की तो जुनी, मोडीत आलेली भांडी पुढ्यात घेऊन बसे. टिचकी मारी आणि ऐके. कानात तोच तो उंच नाद, सगळ्या भांड्यांना एकच उत्तर. एकदा वैतागून त्याने वाजत्या घागरीचं पोट तळहाताने दाबलं, गप्प करावी म्हणून. तळव्याखाली काहीतरी थरथरलं आणि हळूहळू निवलं. त्याने फुटकी तपेली ओढली. टिचकी, तळवा. थरथर निघाली तशी लगेच मेली. पुन्हा घागर, पुन्हा तपेली. दाबलं तर काही कळत नव्हतं, नुसतं टेकवलं तर कळत होतं. मग डोळे मिटून, भांडी उलटसुलट करून, चुकत, परत करत तो तेच करत राहिला. कानातला आवाज तसाच होता. त्याला त्याने जागा दिली, पण कामातून बाजूला केलं.

हंडा झाला. सांध्यावर त्याने पुन्हा पुन्हा हात टेकवला, आणि मग उज्वलाला म्हणाला, "झालाय." ती म्हणाली, "मग आता जेवा."

कुसाबाई आल्या त्या दिवशी बोळातल्या हातोड्या थांबवल्या होत्या; ऐरणीची पैज एव्हाना सगळ्यांना ठाऊक होती. काकांना खुर्ची दिली. दीपक त्यांच्या कानाशी ओरडला, "नीट बघा काका! मागचा गळला होता!"

"हो, हो, जेवण झालं," काका म्हणाले.

कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

काकांनी हंडा मांडीवर घेतला, मान कलती केली, डोळे मिटले आणि टिचकी मारली. तेवढ्यात मागच्या फळीवरून झाकणांची उतरंड फरशीवर कोसळली. रंगनाथच्या डोळ्यांसमोर पांढरं झालं. कुसाबाई दचकल्या, दीपक शिवी देत मागे वळला. काकांची पापणीसुद्धा हलली नाही. ते ऐकत होते तसेच ऐकत राहिले.

तेव्हा रंगनाथने त्यांचा डावा हात पाहिला. हंड्याच्या पोटावर, सांध्याच्या जरा वर, तळवा नुसता टेकवलेला.

काकांनी डोळे उघडले ते थेट त्याच्यावर. आपला हात त्याने पाहिला, हे त्यांना कळलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर क्षणभर भीती आली. किती वर्षांपासून ते कानाऐवजी हातानेच ऐकत होते, कोण जाणे.

"अशा गोंधळात काय कळलं तुम्हाला?" दीपक ओरडला. "परत वाजवा!"

रंगनाथ पुढे झाला. दीपककडे न बघता त्याने उजव्या हाताने टिचकी मारली आणि डावा तळवा काकांच्या हाताशेजारी टेकवला. थरथर दोघांच्या हाताखालून गेली, लांब, संथ, शेवटपर्यंत.

"बोलतोय," काका मोठ्याने म्हणाले. "दीपक, याची ऐरण हलवू नकोस."

"मना जीव भांड्यात पडना," कुसाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

दीपकने भावाकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. काकांच्या तळव्याबद्दलचं एक वाक्य रंगनाथच्या जिभेवर होतं, ते त्याने तिथेच ठेवलं. काकांच्या मांडीवरून हंडा उचलला, खांद्यावर घेतला. बाहेर कुसाबाईंची रिक्षा हॉर्न वाजवत होती, आणि त्याच्या कानातले बोळे आत ऐरणीवरच राहिले होते. हंड्याच्या पोटावर तळवा टेकवून तो पायरी उतरला.