गुंडाचा काठ

भंडाऱ्यात भांड्यांच्या एका कारखान्यात मी डिझाइन बघतो. काठ वळवायच्या लेथपाशी रोज माल तुंबायचा, म्हणून पाणी भरायच्या स्टीलच्या नव्या गुंडातून मी ती पायरीच काढून टाकली. काठ सरळ कापायचा, घासून घ्यायचा, झालं. लेथवरचे काका म्हणाले, "साहेब, बाया काठालेच धरून उचलतेत." मी त्यांच्यावर उखडलोच. रिकाम्या गुंडाच्या काठावरून त्यांच्यासमोर बोट फिरवून दाखवलं. भरलेला गुंड उचलून पाहायचं काही मला सुचलं नाही. सुचणार तरी कसं? आमच्या घरी पाणी माय आणि बहीण भरायच्या.

गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नात पहिल्या मालातलाच एक गुंड मी तिला आंदण दिला, मोठ्या तोऱ्यात.

परवा आंधळगावला तिच्या सासरी गेलो. गुंडाच्या काठावर जुन्या साडीची पट्टी शिवून बसवली होती आणि तिच्या चारही बोटांवर आडवे चरे होते. विचारलं, तर म्हणाली, "काही नाही दादा, माहाच हात सरकते."

चूक तिच्या हाताची नाही, माझी आहे, एवढं तिथंच सांगता आलं असतं. मी चहा पीत राहिलो.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "ननदेचं लगन आहे, दादा. आंदणाले असाच एक गुंड आणजो. काठाची पट्टी मी शिवून देईन."

मी हो म्हणालो.