डिसइंटरेस्टेड साहेब

थेरगावच्या वहिनी, मागच्या कमेंटमधला गुडघा काय म्हणतोय? रावेतचे अण्णा, शुगर उतरली का?

आज चाकणला आमच्या कंपनीत दत्ताची चौकशी होती. सुपरवायझरने प्रेस मशीनचा, हात आत गेला की थांबवणारा सेन्सर बंद करायला लावला अन् दत्ताची चार बोटं गेली. कंपनी म्हणते, चूक त्याचीच. दत्ताची बाजू मांडणारा सोबती म्हणून मी बसलो.

दत्ता बोलत होता, चौकशीचे साहेब मोबाइलवर मॅच बघत होते.

मी म्हटलं, "साहेब, ऐका की जरा."

"काका, मी डिसइंटरेस्टेड आहे."

अहो, स्वतःचा स्वार्थ नसलेला तो डिसइंटरेस्टेड. दुसऱ्याचं सोयरसुतकच नसेल, तर तो अनइंटरेस्टेड!

साहेबांनी बडतर्फीचा कागद सरकवला. "सही जमत नसेल तर अंगठा लाव. तो राहिलाय ना?"

दत्ताने गुमान लावला.

तुम्ही काय केलं असतं? लवकर लिहा, दत्ता शेजारीच बसलाय.