म्हाताऱ्याच्या बापाचं नाव

सत्तरच्या दशकात मी दोहातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होतो. आमच्या म्हाताऱ्या चहावाल्याला लहानपणी झांझिबार बेटावरून पळवून दोहात विकलं होतं. गुलामी कायद्यानं संपली, तरी कागदोपत्री बाप म्हणून मालकाचंच नाव लागलं होतं. नव्या ओळखपत्रासाठी त्यानं मला खऱ्या बापाचं नाव सांगितलं.

पुण्याचे हेडक्लार्क म्हणाले, "मालकाचंच टाक रे. यल्ला, आटप लवकर!"

"साहेब, तुमच्या नावात मध्ये कुणाचं नाव आहे?"

"भाषणबाजी घरी कर!"

माझं डोकं फिरलं. माणूस विकत घ्यायचा आणि त्याचा बापही हिसकावायचा? मी खरं नाव टाइप केलं. साहेबांनी कागद टराटरा फाडला.

म्हाताऱ्यानं दुसरा कोरा अर्ज माझ्यापुढं ठेवला आणि तेच नाव पुन्हा सांगितलं.