तिचं कच्चं लायसन

मी अन् बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शिंगाडे सोलायचं. मासे धरणाऱ्या ढिवराची बाई तळ्यावरचे ताजे शिंगाडे देऊन गेली होती. बायको चाकूनं टोकं काढत होती, मी साल काढत होतो. माझा अर्धा शिंगाडा सालीतच राहत होता. ती म्हणाली, "म्हातारे झाले, पन शिंगाडा नाही सोलता येत तुमाले." त्याच संध्याकाळी खाटेवर बसल्या बसल्या तिची मान कलली अन् ती गेली. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. असेल. मला नाही वाटत चांगलं.

जन्मभर मी एकाच गोष्टीला भ्यालो, की हिला रस्ता खाईल. रस्त्यानं तिला काही केलं नाही. पण ते भेव अजून अंगात आहे, म्हणून लिहायला बसलो. मी चौथी शिकलो. चुका असतील, त्या राहू द्या.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी साकोलीकडचा धानाचा शेतकरी अन् ती एकोणीस वर्षांची, नर्सबाईचं ट्रेनिंग करून नुकती नोकरीला लागलेली. आसपासची गावं तिच्याकडं होती, लेकरांना सुया टोचायच्या, बाळंतिणी पाहायच्या. त्यातलं एक गाव जंगलाला लागून. तिथं बस जात नव्हती.

एक दिवस जेवताना म्हणाली, "मी मोपेड घेतो."

"अवं, पडशीन, मरशीन!"

"सायकलवर मेलो का आतापरेंत?"

भंडाऱ्याला लायसनच्या ऑफिसात मीच तिला बसनं घेऊन गेलो. साहेब तिला रस्त्यावरच्या खुणांची चित्रं दाखवून विचारत होते, हे कशाचं, ते कशाचं. मी खिडकीतून पाहत होतो. मनात म्हणत होतो, एखादं चुकू दे. तिचं एकही चुकलं नाही. कागद घेऊन बाहेर आली.

"भेटलं. कच्चं लायसन."

मी 'कच्चं' एवढंच ऐकलं. कच्ची वीट पाण्यात विरते. कच्चा रस्ता पावसात वाहून जातो. मी म्हणालो, "सरकारलेच तुहा भरवसा नाही, म्हनून कच्चं देल्लं."

"शिकेपरेंत कच्चंच देतात. पक्कं मंग भेटते."

तिथल्या बाबूनं सांगितलं होतं, गाडीला पुढं-मागं लाल एल लावा. साकोलीच्या बाजारात एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला म्हटलं, पांढऱ्यावर लाल रंगात एल लिही. त्यानं झोकात लिहिलं, 'एल'. वर जाड रेघ, खाली सावली. मी दोन्ही पाट्या तिच्या नव्या मोपेडला तारेनं करकचून बांधल्या. तिनं पाहिलं अन् हसता हसता खालीच बसली.

"अवो, इंग्रजीतला पायजे होता!"

"एल म्हंजे एलच ना?"

"राहू द्या आता. गावाले वाचता तं येते."

गाव वाचू लागलं. पोट्टे तिला 'एलबाई' म्हणून हाका मारू लागले.

मग ती पडली. नाल्याच्या पुलाला लागून उताराचं वळण आहे. रस्त्याच्या कामाची गिट्टी, फोडलेली खडी, तिथं पसरलेली होती. कोपर सोललं, गुडघा फुटला. मी घरीच होतो. ती लंगडत गाडी ढकलत आली तेव्हा खाली मी बसलो, ती उभीच होती.

त्या दिवसापासून मी रोज तिच्या मागं बसू लागलो. शेत सोडून. दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरायचो. हमरस्त्यावर मागून ट्रकचा भोंगा वाजला की डोळे मिटायचो. मोहफुलं पडायचे दिवस होते, ती खायला अस्वलं पहाटे रस्त्यावर येतात. कुठं पानं वाजली तरी मी मागून ओरडायचो अन् गाडी डोलायची.

एका सकाळी साकोलीच्या रस्त्यावर लायसन तपासणाऱ्यांची जीप उभी होती. साहेबांनी हात दाखवला. पाटीकडं पाहत राहिले.

"बाई, हे काय लिहिलं आहे?"

"एल, साहेब."

"एल तर आहेच," ते म्हणाले. "मागे कोण?"

"मालक आहेत."

"मालकाजवळ पक्कं लायसन आहे का?"

मी मध्येच बोललो, "लायसन नाही साहेब, लग्न पक्कं आहे."

जीपमधले शिपाई हसले. साहेब नाही हसले. "कच्च्या लायसनवर मागे कोणाला बसवता येत नाही. बसवायचाच तर पक्क्या लायसनचा, शिकवणारा. उतरा. पुन्हा दिसलात तर बाईचं कच्चंही जाईल."

मी उतरलो. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, पायडल मारलं अन् गेली. आवाज ऐकू येईनासा झाला तरी मी तिथंच उभा होतो. घरी पायी आलो. ती तर पुढच्या रस्त्यानं गेली होती, तरी वाटेत प्रत्येक वळणावर खाली नालीत डोकावून पाहिलं.

संध्याकाळी ती धडधाकट घरी आली. मी म्हणालो, "उद्या जंगलाकडं नको जाऊ."

"उद्या लसीचा दिवस आहे. बाया लेकरं घेऊन बसून राहतीन."

"अस्वल असते."

"भोंगा वाजवतो."

"वळणावर गिट्टी आहे. पडली तं कोन उचलन तुले?"

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "माही मी उठीन. पन तुमी मांग बसले का आंग आखडता, मंग गाडी डोलते. मले रस्त्याचं भेव नाही वाटत. तुमी मांग असले का वाटते."

 

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी उठलो. फावडं अन् घमेलं घेऊन पायीच पुलाच्या वळणावर गेलो. रस्त्यावर सांडलेली गिट्टी ओढून कडेला टाकली. बारकी फावड्यात येत नव्हती, ती हातानं वेचली. मागं पानं वाजत होती. वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पळालो असतो. उजाडता उजाडता मोपेडचा आवाज आला. मी घमेलं घेऊन नालीत उतरलो अन् खाली बसलो. मी दिसलो असतो तर ती थांबली असती, अन् उतारावर थांबू नये.