साफ केलेला नाला

आमच्या इंदूरच्या पोरांचे कचरा दिसला की हात शिवशिवतात. शेवेचं रिकामं पाकीट घडी करून खिशात ठेवतील, पण रस्त्यावर टाकणार नाहीत. शेजारच्या काकूंनी ओल्याच्या डब्यात सुकं टाकलं, तर त्यांना चारचौघांत ऐकवतील. मला याचा फार अभिमान. मी शाळेत भूगोल शिकवते, राहते स्नेहलतागंजमध्ये, आणि सुट्टीच्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांना बसमध्ये कोंबून पाणलोट दाखवायला गावाकडे नेते. पाणलोट म्हणजे पडलेला पाऊस ज्या ज्या उतारावरून एका नाल्याला येऊन मिळतो, तो सगळा मुलूख. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की जेवताना नवरा विचारतो, "आजचं वरण कुठल्या पाणलोटातलं आहे, मैडम?"

मागच्या वर्षी सांवेरकडच्या एका गावात मला हवी तशी जागा सापडली. बुटकीशी टेकडी, खाली नाला, आणि नाल्याला लागून एका काकीजींचं तीन बिघे शेत. काकीजी साठीच्या, एकट्याच शेती बघणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. पावसाळा सरताना मी परवानगी मागायला गेले तेव्हा शेतात सोयाबीन उभं होतं. "बच्चे हैं, आने दो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की सोयाबीननंतर त्यांचं शेत दरवर्षी रिकामं पडतं, पाणीच नसतं. यंदा मात्र नाला अडवून गहू पेरायचा. "पूरे साल घर का आटा खाना है, बाजार का नी." मी मान डोलावली, पण माझं लक्ष टेकडीवर होतं. मुलांना नेमकं कुठे उभं करायचं, हाच विचार डोक्यात.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पोचलो. वीस मुलं, प्रत्येकाच्या हातात माझा नकाशा आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. काकीजी सकाळीच कुणाकडे तरी गेल्या होत्या. टेकडीच्या माथ्यावर उभी राहून मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. इकडचं पाणी इकडे, तिकडचं तिकडे वगैरे. खाली नाल्यात काहीतरी अडकलेलं दिसत होतं. मळकी प्लास्टिकची पोती, वर गवत, चिखल, एक फाटकी ताडपत्री. मी हात करून म्हटलं, "ते बघा! सांगा, असं असल्यावर पाणी वाहणार कसं? दुसरा ग्रुप आधी ते काढेल."

दुसऱ्या ग्रुपची पुढारी होती एक चुणचुणीत मराठी मुलगी. तिने लगेच नऊ जणांना घेतलं आणि ती उतरून गेली. मी उरलेल्यांना घेऊन टेकडीच्या पलीकडच्या बाजूला गेले. दोन तास.

परत आलो तेव्हा खालून टाळ्या ऐकू येत होत्या. पोरांनी काम असं केलं होतं की बघत राहावं. पोती उपसली, आतली माती काठावर ओतली, पोती पाण्यात धुतली, घड्या घालून सुतळीने बांधली. ताडपत्री वेगळी, गवत वेगळं. ओलं इकडे, सुकं तिकडे. आणि मधून नाला खळाळत चाललेला. "मैडम, बघा, एकदम चकाचक! बहने लगा!"

मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला मोटरचा पाइप दिसला. काठावरून पाण्यात सोडलेला तो पाइप आता हवेत लोंबकळत होता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तो कचरा नव्हता. तो बोरी बंधान होता. पोत्यांत माती भरून वाहत्या नाल्यात आडवा रचलेला बांध. माझ्या स्लाइडमध्ये त्याचा फोटो आहे, मी तो शंभर वेळा दाखवलाय. फक्त फोटोतली पोती पांढरीशुभ्र आहेत, आणि ही खताची, उन्हाने विटलेली होती. काकीजींच्या गव्हाचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत पुढच्या गावाला निघालं होतं.

मी पोरांवर उखडले. डोकं आहे की नाही, विचारायचं नाही का, स्लाइड बघताना झोपला होता का, सगळं. ती पुढारी मुलगी म्हणाली, "पण मैडम, तुम्हीच तर वरून—"

"उलटं बोलू नकोस," मी म्हटलं. ती रडायला लागली.

तेवढ्यात काकीजी आल्या. त्यांनी नाल्याकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, घडी केलेल्या पोत्यांकडे पाहिलं. "यो कईं करी दियो?" एवढंच म्हणाल्या. मी हात जोडले. "काकीजी, बच्चों से गलती हो गई." हे माझ्या तोंडून किती सहज निघालं! मला आजही त्याची लाज वाटते.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खोचला आणि मुलांना फावडी आणून दिली. पोरं ईर्ष्येने भिडली, पोती तट्ट फुगेस्तोवर भरून टाकली. काकीजींनी ती सगळी परत ओतायला लावली. पोतं थोडं रिकामं ठेवायचं, म्हणजे ते खालच्या पोत्यावर पसरून बसतं. गच्च भरलं तर पिंपासारखं उभं राहतं आणि फटीफटीतून पाणी पळतं. दोन पोत्यांच्या सांध्यावर तिसरं, आणि मधल्या भेगांत काळी चिकणमाती दाबायची. हे माझ्या एकाही स्लाइडमध्ये नव्हतं. मी गुपचूप माती कालवत बसले. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, शेवटी तोही फावडं घेऊन उतरला.

बांध उभा राहिला, पण गेलेलं पाणी गेलं. नाल्याची धार तोवर बारीक झाली होती. त्यानंतर दर रविवारी मी स्कूटर काढायची. "अगं, तो नाला आहे, आयसीयूतला पेशंट नाही," नवरा म्हणायचा, आणि परत आल्यावर पहिला प्रश्न त्याचाच, "किती चढलं?" बोटभर चढायचं. कधी तेवढंही नाही. काकीजी मला चहा द्यायच्या आणि नाल्याविषयी अवाक्षर काढायच्या नाहीत. शेवटी जेवढं साठलं तेवढं त्यांनी मोटर लावून दिलं. ते दोन बिघ्यांना पुरलं. उताराच्या टोकाचा तिसरा बिघा कोरडा राहिला.

मार्चमध्ये मला वाटलं, आता त्या गावाचं नाव घ्यायला नको. तर काकीजींचाच फोन. "मैडम, बच्चों को लाओ. गेहूँ खड़ा है, देख लें." नवी तुकडी नेली. सोबत मदतीला ती पुढारी मुलगीही आली. मी बोलावलं नव्हतं, ती स्वतःहून आली.

शेताच्या बांधावर उभं राहिलं की सगळं दिसत होतं. दोन बिघे कमरेएवढा, भरल्या ओंब्यांचा गहू. त्याला लागून तिसरा गुडघ्याएवढा, पिचका, आधीच वाळलेला. शिकवायला याच्याहून चांगली जागा मला कुठे मिळाली नसती.

"काकीजी, ये वाला इतना छोटा क्यों रह गया?" एका मुलाने विचारलं.

काकीजी माझ्याकडे बघत राहिल्या. पानी कम पड़ गया, असं त्या म्हणाल्या असत्या तरी खोटं ठरलं नसतं, आणि त्यांनी तेच म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले होते.

"मेरी वजह से," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. टेकडीवरून मीच हात करून दाखवलं, बांध मला ओळखता आला नाही, मुलांनी मी सांगितलं तेवढंच केलं, आणि नंतर मी नाव त्यांचं घेतलं. काकीजींचे यंदाचे तीन-चार महिने बाजारच्या आट्याचे झाले ते माझ्यामुळे.

काकीजींनी मुलांना हाक मारली, "चलो, अब बोरी भरना सिखाती हूँ," आणि त्या नाल्याकडे निघाल्या. मुलं त्यांच्या मागे गेली. ती मुलगी मात्र माझ्याजवळ थांबली.

"मैडम," ती हळूच म्हणाली, "मला तर वाटायला लागलं होतं की तुम्ही दुसरीकडेच हात केला असेल, मीच चुकीचं बघितलं."