ठकूबाईच्या मांडीतली रेघ

"फ्रॅक्चर आहे. ट्रॅक्शन लावा," असं म्हणून गायकवाड डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मांडीच्या हाडात एक बारीक, तिरकी, काळी रेघ होती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर होते आणि गायकवाड सर माझे साहेब. आमच्याकडे एक्स-रे नव्हता, पेशंट दौंडला पाठवावा लागे. ठकूबाई तिथूनच फिल्म घेऊन आली होती. कवठे येमाईची धनगरीण. ओढ्यात घसरून मांडीवर आपटली होती.

ट्रॅक्शन म्हणजे पायाला वजन बांधून दोन-तीन महिने खाटेवर पडून राहायचं. ते ऐकून तिचे मालक म्हाळूआप्पा पुढं आले.

"बाई, मेंढरं कोकणाकडं न्यायची येळ झाली. आन् हिच्या अंगावर पोर हाय. कसं व्हायचं?"

"म्या चालती की," ठकूबाई म्हणाली, आणि तिनं दुखरा पाय सरळ वर उचलून दाखवला.

मी थबकले. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला सहसा हे जमत नाही. नुसता तडा असेल तर जमतंही. पण तसा तडा घेऊन ती घाटात चालली, तर हाड वाटेतच सरकायचं.

खोलीवर जाऊन मी ट्रंकेतलं, कॉलेजात अभ्यासाला घेतलेलं मांडीचं हाड काढलं. मांडीच्या हाडाला मागच्या अंगाला एक बारीक भोक असतं, कुणाला दोन. त्यातून रक्तवाहिनी आत शिरते आणि हाडाला पोसते. तिची वाट गुडघ्यापासून दूर, वर तिरकी जाते. होस्टेलच्या गच्चीवर आम्ही मुली त्या भोकात झाडूची काडी घालून ही दिशा पाठ करायचो. काडी कुणाची मोडली की केवढ्या हसायचो! ठकूबाईची रेघही त्याच जागी होती, तशीच वर जाणारी, गुळगुळीत कडांची.

हाड घेऊनच मी वॉर्डात गेले.

"सर, चांगल्या पायाचाही एक्स-रे काढू या. तिथंही अशीच रेघ निघाली, तर ही रक्तवाहिनीची वाट."

"आणि नाही निघाली तर?"

"तर ट्रॅक्शन."

"दौंडच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं पुन्हा न्यायची? तडा असला तर?"

"फळ्या बांधून नेते. मी स्वतः सोबत जाते."

सरांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "माझी जीप घ्या."

फळ्या बांधताना ठकूबाईनं विचारलं, "बाई, ह्ये हाड कुणाचं?"

"ठाऊक नाही गं."

तिनं हाडाला हात लावून तो कपाळाला टेकवला. इतकी वर्षं ते माझ्याजवळ होतं, मला कधी सुचलं नव्हतं.

दौंडला इंजिनांचं शंटिंग चाललं होतं. दगडी कोळशाचा तो वास आजही कुठं आला, की मला ती दुपार आठवते. डार्करूममधून ओली फिल्म बाहेर आली. चांगल्या मांडीत, त्याच जागी, तशीच रेघ.

शिरूरला सरांनी दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी धरल्या. "सोडा फळ्या," ते म्हणाले आणि स्वतःच गाठी सोडायला बसले. निव्वळ मुका मार होता. थोडे दिवस विश्रांती घेऊन ठकूबाई मेंढरांमागं गेली. पावसाच्या आधी परतताना पोराला कडेवर घेऊन, चालत दवाखान्यात येऊन गेली.

पुढं हाताखाली आलेल्या प्रत्येक डॉक्टरला मी सांगत आले, शंका आली तर न दुखणाऱ्या पायाचाही एक्स-रे काढा. तो कशाला, असं प्रत्येकजण विचारायचाच.