खोडाळ्यात सापडलेला बिननावाचा माणूस

सेवेतल्या बऱ्याच केसेस आता तपशिलासकट आठवत नाहीत, पण खोडाळ्याच्या बाजारातला तो माणूस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या केसमध्ये ना खून होता, ना दरोडा. तरीही माझी सर्वांत चांगली कामगिरी कोणती असं कोणी विचारलं, तर मी हीच सांगतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि तिथल्या पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी आवई तालुक्यात उठली होती. बाजाराच्या दिवशी आमच्या खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, लवकर या. एक परका मानूस धरलाय. पोरं पळवनारा हाय म्हनतात. बोलत तर काय नाय."

आम्ही पोचलो तेव्हा त्याला एका दुकानाच्या खांबाला बांधलं होतं, पण अजून कोणी हात उचलला नव्हता. अशा वेळी गर्दीला शहाणपण शिकवत बसू नये. तिच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मानानं पुढे बोलवावं आणि दोर त्याच्याच हातानं सोडवून घ्यावा. मी तेच केलं आणि लोक पांगले.

माणूस पन्नाशीचा. दाढी वाढलेली, शर्ट चांगल्या कापडाचा, पायात काही नाही. मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, दमात घेऊन पाहिलं, गोडीनं पाहिलं. तो फक्त हात जोडायचा. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलं. मी स्टेशन डायरीत नोंद केली: अनोळखी इसम, बांधा मध्यम, वर्ण सावळा. सगळीकडे बिनतारी संदेश गेले. उत्तर कुठूनच आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "साहेब, मी याला इथे फार दिवस ठेवू शकत नाही. कोर्टाचा आदेश झाला की मनोरुग्णालयात पाठवावं लागेल."

त्याचा अर्थ मला ठाऊक होता. बिननावाचा माणूस एकदा तिथे गेला की वर्षानुवर्षं तिथलाच होऊन जातो. आदेश होण्याआधी त्याचं घर शोधायला हवं होतं.

तो बोलत नव्हता, तर ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना बोलतं करणं भाग होतं. वडाप, म्हणजे सीट भरून प्रवासी नेणाऱ्या, जीपवाल्यांना ठाण्यात बोलावलं. त्यातला एक मी तोंड उघडायच्या आतच "मला काय म्हाईत नाय" म्हणाला. अशा माणसावर आवाज चढवू नये, त्याला चहा पाजावा. दुसऱ्या कपाला तो बोलला.

"साहेब, कसाऱ्याच्या रस्त्याला चालत व्हता. मीच गाडीत घेतला. मंग बाजारात बोंब झाली. मला बी धरतील म्हनून गप ऱ्हायलो."

घाट चढायला जादा इंजिन जोडायचं म्हणून लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या कसाऱ्याला थांबतात. हा तिथे उतरला असणार आणि गाडी निघून गेली असणार. रेल्वे पोलिसांकडे हरवलेल्यांच्या नोंदी ढीगभर होत्या, पण याच्याशी जुळणारी एकही नव्हती.

जव्हारला एक मॅडम संगणकाचा क्लास चालवायच्या. आमचे शिपाई तिथे शिकायला जात. जव्हारच्या पर्यटनाची एक वेबसाइटही त्यांनी केली होती. तिच्यावर मी या माणसाचा फोटो आणि आमची नोटीस टाकायला लावली. दिवस जात राहिले, एकही फोन नाही. मी वैतागून त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, 'मोखाडा पोलीस ठाणे हद्दीत मिळून आलेला अनोळखी इसम' हे शोधणार कोण?" त्या हसत म्हणाल्या. "त्याच्या घरच्यांना मोखाडा माहीत तरी असेल का?"

मला राग आला. मग त्यांनी एक टूल उघडून दाखवलं. त्यात शब्द टाकला की लोक तो इंटरनेटवर किती वेळा शोधतात, त्याच्या जोडीनं आणखी काय शोधतात, ते दिसायचं.

"मी जव्हारच्या धबधब्यांवर पान लिहिलं, तर काळं कुत्रं फिरकलं नाही. लोक 'नाशिकजवळचे धबधबे' शोधतात हे इथे कळलं. मथळा बदलला, आता शोधलं की ते पान वर येतं."

त्यांनी 'मोखाडा' टाकलं. जवळजवळ काहीच नाही. मग घाटावरचं मोठं स्टेशन म्हणून 'इगतपुरी स्टेशन' टाकलं, तर शब्दांची रांग लागली.

आता मला सूर सापडला. हरवल्याची तक्रार घेऊन आलेली माणसं मी आयुष्यभर समोर बसवून ऐकली होती. 'इसम' असं कोणीच म्हणत नाही. गाडीतून उतरले ते परत चढलेच नाहीत, असं म्हणतात. परप्रांतातले लोक हे कसं सांगतात ते मी हिंदीत बोलत गेलो आणि मॅडम एकेक शब्द टूलमध्ये टाकून पारखत गेल्या. लोक हिंदी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, हेही तेव्हाच कळलं. शेवटी मथळ्यात ट्रेन आली, इगतपुरी आणि कसारा आले, आणि माझी लाडकी हद्द पानाच्या तळाशी गेली. एक खूण मात्र मी मुद्दाम लिहू दिली नाही. खोटा वारस आला तर पारखायला काहीतरी हातात हवं.

पान हळूहळू वर सरकलं. आदेशाचे कागद तयार होत होते, तेवढ्यात ठाण्यात फोन वाजला. मुलीचा आवाज होता.

"सर, वो फोटो मेरे पापा का है।"

"कोई पहचान?"

"दाहिने पैर की छोटी उंगली नहीं है। बचपन से।"

हीच ती खूण होती. मी तिला म्हणालो, "आ जाओ बेटी।"

ती काकांबरोबर आली. तिचे वडील रुग्णालयाच्या खाटेवर बसले होते. तिला पाहून ते बाजूला सरकले आणि तिला बसायला जागा केली.  माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

नंतर मी तिला विचारलं, इंटरनेटवर काय टाकून शोधलंस?

"पहले तो रोज पापा का नाम ही लिखती थी। फिर गाड़ी जहाँ-जहाँ रुकी थी, उन स्टेशनों के नाम लिखने लगी।"

नाव तिच्यापाशी होतं आणि माणूस आमच्यापाशी. नुसत्या नावानं त्यांची गाठ कधीच पडली नसती.

वरिष्ठांनी सेवापुस्तकात शाबासकीची नोंद केली. गुन्हेगार पकडायचा तर त्याच्या डोक्यानं विचार करा, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि ते मला बऱ्यापैकी जमायचं. ज्याचं माणूस हरवलंय त्याच्या डोक्यानं विचार करायला मी या केसमध्ये शिकलो. त्याचा मला आजही, कुठल्याही पदकापेक्षा जास्त, अभिमान वाटतो.